पहिला शब्द

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या मांडवात संस्थेच्या गतकार्याचा गौरव व्हावा, देणगीदारांची नावे आदराने घेतली जावीत, हे योग्यच आहे. ते काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी केलेही आहे. आम्हां शिकविणाऱ्या मंडळींकडे मात्र विषय आला आहे तो अगदी लहान. चारपाच वर्षांचे मूल आयुष्यातला पहिला शब्द वाचते, तेव्हा त्याला घरच्या माणसांनी हात कसा द्यावा, एवढेच आज सांगावयाचे आहे. विषय लहान खरा, परंतु आपल्या घराघरांतील मराठी पुढच्या पिढीत राहणार की नाही, हे पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून आहे.

या विषयाला उज्जैनइतके शोभणारे गाव दुसरे कोणते? सांदीपनींच्या आश्रमात श्रीकृष्ण, बलराम आणि सुदामा शिकले, चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला हस्तगत केल्या, अशी आपली परंपरा सांगते. आश्रमाच्या परिसराला अंकपात म्हणतात. तेथील शिळेवरचे १ ते १०० अंक प्रत्यक्ष गुरूंनी कोरले, अशी भाविकांची श्रद्धा आहे, आणि पाटी धुण्याची जागाही यात्रेकरूंना दाखविली जाते. देवाच्या अवतारालाही पाटी घ्यावी लागली आणि ती धुवावीही लागली, यातला बोध आईबापांनी विसरू नये. मात्र चौसष्ट दिवसांचा हिशोब आपल्या बाळाला लावू नये, एवढी विनंती आहे. पुष्कळ पालक तो लावतात. ज्युनिअर केजीची दिवाळी उलटली आणि मूल वाचीत नाही म्हणून चिंता करीत बसतात.

पूर्वी अक्षर कसे शिकवीत ते वडीलधाऱ्यांना ऐकून माहीत असेल. पंतोजी धूळपाटीवर अक्षर काढून देत आणि मूल ते बोटाने गिरवी. आरंभ होई तो ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंत्राने. मुलांच्या तोंडी त्याचे ‘ओनामासीधं’ झाले आणि त्यातूनच ‘ओनामा’ हा शब्द मराठीत रूढ झाला. आज आपण कोणत्याही कार्याचा ओनामा करतो, पण त्या काळी तो घोकणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ ठाऊक नसे. पाटीवर गिरवायला पहिले अक्षर मिळे तेही ‘श्री’, म्हणजे जोडाक्षर आणि वर दीर्घ वेलांटी! भक्तीच्या दृष्टीने ते योग्यच, परंतु चिमुकल्या बोटांना ती चढण मोठी होती. मग मुळाक्षरे, मग बाराखडी, मग मोडी, आणि या सगळ्यांतून पार पडल्यावर केव्हातरी अर्थाची भेट होई. तोवर कित्येकांचा शाळेशी संबंध तुटलेला असे.

ही वाट उलटी करून दाखविणारी माणसे आपल्या देशातही झाली. १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत मारिया माँटेसोरी यांनी बालगृह उघडले. खडबडीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून मुले ध्वनी आणि आकार एकदमच शिकतात, हे त्यांनी दाखवून दिले. तोच विचार आपल्या मातीत रुजविला तो भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच मुलांच्या अंगणात जावे, असा हा विचार होता. आज देशभर रूढ असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच कामातून पुढे आला, आणि १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने तो गावोगाव नेला. महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून या बायकांनी शिंपले, बिया, दगड, पाने यांची साधने केली. तेव्हा आमच्याजवळ सोयी नाहीत, असे म्हणण्याचा अधिकार आपणां कोणालाच राहिलेला नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

वाचनाची पहिली पायरी कानाची आहे, डोळ्यांची पाळी मागाहून येते. ‘केळे’ या शब्दात के आणि ळे असे दोन तुकडे आहेत हे ज्या मुलाच्या कानाला कळले नाही, त्याला ते दोन तुकडे कागदावर दाखवून उपयोग होत नाही. सुदैवाने आपल्या घरांत या शिक्षणाची साधने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. प्रवासात आपण भेंड्या लावतो. गाण्याचे शेवटले अक्षर पकडून दुसरे गाणे शोधणे हा अक्षर ओळखण्याचा उत्तम व्यायाम होय. मोठी मुले ‘च’ची भाषा बोलून लहानांना हैराण करतात, तोही अक्षरे सुटी करून पुन्हा जोडण्याचाच खेळ. टाळ्या वाजवीत ‘पा-टी’, ‘म-ग-र’, ‘आ-जो-बा’ असे शब्द फोडावेत. यासाठी वही लागत नाही आणि पैसाही लागत नाही. पोळ्या लाटता लाटता हे होते.

दुसरी पायरी पहिल्या शब्दांची. येथे आमचे सांगणे असे, की अ पासून ज्ञ पर्यंतचा तक्ता भिंतीवर खुशाल असू द्यावा, परंतु तो पाठ झाल्याखेरीज शब्द द्यावयाचा नाही हा हट्ट सोडावा. चारच शब्द घ्या: घर, नळ, कमळ, मगर. काना नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. एकेक शब्द कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा, त्याविषयी मुलाशी बोला, मग अक्षरे कात्रीने सुटी करा. चार शब्दांत मिळून घ, र, न, ळ, क, म, ग अशी सात अक्षरे मुलाच्या हाती येतात. आता ती पाटावर पसरून द्या आणि आपण बाजूला व्हा. थोड्याच दिवसांत मूल ‘गरम’ जुळविते, ‘मन’ जुळविते, आणि मग एक दिवस ‘नगर’ जुळविते. हा शब्द त्याला कोणी शिकविलेला नसतो. उज्जैनच्या निम्म्या वसाहतींच्या नावांना शेवटी ‘नगर’ असते. स्कूटरवर पुढे उभे राहिलेले मूल पाटीकडे बोट दाखवून स्वतः ‘नगर’ म्हणते, तेव्हा ते वाचू लागले असे खुशाल समजावे. ते स्वतः शोधलेले असते, म्हणून विसरत नाही.

येथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवावी. व, ब, क ही अक्षरे दिसायला भावंडे आहेत. प, ष, फ तशीच. घ आणि ध यांत तर मोठ्यांचीही कधी फसगत होते. अशी जुळी अक्षरे एका दिवशी शिकवू नयेत. आधी एक पक्के होऊ द्यावे, मग दुसरे आणावे.

तिसरी पायरी काना-मात्रांची, आणि येथे आपल्या नातेवाइकांनी मराठी लिपीवर फार मोठे उपकार केले आहेत! बाबा, मामा, काका, दादा, नाना यांना एकट्या कान्याने भागते. त्यांच्या मागोमाग दीर्घ वेलांटी घेऊन मामी, काकी, आजी येतात, आणि आई, ताई यांच्याबरोबर ई हे अक्षर स्वतःच येते. मग मात्रा आणि काना एकत्र घेऊन आजोबा येतात. बाराखडीचा निम्मा घाट कुटुंबाच्या फोटोवरच चढून होतो. फक्त आत्याबाईंना जरा थांबावे लागते, कारण त्या जोडाक्षर घेऊन आल्या आहेत. त्यांनी राग मानू नये. प्रत्येक फोटोखाली नावाची चिठ्ठी लावावी आणि मुलाने ती रोज बदलून पुन्हा जागेवर लावावी, याहून सोपे पाठ्यपुस्तक आम्हांस ठाऊक नाही.

मात्रांमध्ये मुलांना खरा घोटाळा होतो तो पहिल्या वेलांटीचा. ‘शिरा’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार मात्र श नंतर होतो. हा घोटाळा मुलांचाच आहे असेही नाही. १९५३ च्या लखनौ येथील लिपिसुधार परिषदेत विद्वानांनीसुद्धा ही वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यावी अशी शिफारस केली होती. ती लोकांच्या हाताला रुचली नाही आणि टिकली नाही. तेव्हा मुलाने ‘शिरा’ऐवजी ‘शरि’ लिहिले तर रागावण्याचे कारण नाही. त्याने ऐकले तसे लिहिले, म्हणजे त्याचा कान शाबूत आहे.

लिहिणे आणि वाचणे यांची ताटातूट करू नये. परातीत रवा किंवा रांगोळी पसरून त्यात बोटाने अक्षर काढू द्यावे. धूळपाटी टाकून देण्यासारखी कधीच नव्हती, अडचण होती ती तिच्याबरोबर येणाऱ्या छडीची. स्वयंपाकघरातील डब्यांवर मुलाच्या हाताने चिठ्ठ्या लावून घ्याव्यात: हळद, साखर, मीठ, गूळ, डाळ. मग ‘हळदीचा डबा आण’ असे सांगावे आणि मुलाला चिठ्ठी वाचून तो शोधू द्यावा. वाचल्यामुळे काही काम झाले, हा अनुभव शंभर शाबासक्यांपेक्षा मोठा आहे.

जोडाक्षरांची घाई नको. आपल्या लिपीत स्वर आणि व्यंजने मोजकी असली तरी त्यांच्या जुळणीतून शेकडो आकार तयार होतात. कन्नडसारख्या आपल्याच धर्तीच्या लिपींचे अभ्यास झाले आहेत. त्यांत असे दिसले, की ही सारी अक्षरे हाताखाली यायला मुलांना चौथीपर्यंत आणि त्यापुढेही वेळ लागतो. रोमन लिपीच्या सव्वीस अक्षरांशी तुलना करून आपल्या मुलाला मंद ठरविणे हा त्याच्यावर अन्याय होय.

आता आपल्या गावाचा खास प्रश्न. आपली मुले मराठी बोलतात, शाळेत हिंदी आणि इंग्रजी वाचतात, आणि मराठी कोठेच वाचीत नाहीत. अठराव्या शतकात शिंद्यांबरोबर आपले पूर्वज येथे आले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी लष्करला नेली, तरी घरे येथेच राहिली; बायजाबाईंनी बांधलेले गोपाल मंदिर आजही छत्री चौकात उभे आहे. त्या घरांच्या कपाटांत आजीची पाककृतींची वही असते, आजोबांची पत्रे असतात. नातवाला देवनागरी येते, तरीही ती वही त्याच्या हातात अडते. पालक म्हणतात, दोन भाषांच्या ओझ्याने मूल गोंधळेल. आम्ही म्हणतो, लिपी एकच आहे, आणि एकदा केलेल्या श्रमाचे फळ येथे दोनदा मिळते. वर सांगितलेले ‘गरम’, ‘नगर’, ‘घर’ हिंदीतही तेच आहेत. याच उज्जैनात आयुष्यातील बरीच वर्षे काढलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले, आणि त्यांचे सख्खे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी व समीक्षक झाले. माधव कॉलेजात शिकविणारे प्रभाकर माचवे दोन्ही भाषांत लिहीत राहिले. एका घरात दोन भाषा सुखाने नांदतात, याचा याहून जवळचा पुरावा कोणता हवा?

फरक आहेत ते थोडे आहेत, आणि ते मुलाला गंमत म्हणूनच सांगावेत. हिंदीच्या पुस्तकात ळ भेटत नाही, आणि आपल्याला तर ‘बाळ’, ‘शाळा’, ‘पोळी’, ‘डोळा’ हे शब्द त्याच्यावाचून लिहिताच येत नाहीत. म्हणूनच आम्ही तो पहिल्या सात अक्षरांत घेतला. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदी छपाईतील वळणांहून निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी निर्णय काढला, त्यातही ही मराठी वळणे राखली आहेत. ‘ज्ञान’ हा शब्द हिंदीत ‘ग्यान’सारखा आणि मराठीत ‘द्न्यान’सारखा उच्चारतात. ‘चिमणी’तला च आणि ‘चूल’मधला च एकच लिहितो, पण जिभेला ते दोन आहेत. हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. ज्या मुलाने ‘चूल’ हा शब्द घरात ऐकला आहे त्यालाच तो बरोबर वाचता येतो. बाहेर पाटीवर ‘पोहा-जलेबी’ आहे आणि घरी ‘पोहे’ आणि ‘जिलबी’ आहे, यावर मुलाशी बोलावे. आणि ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण व मराठीत दंड, हे तर मुलापेक्षा मोठ्यांनीच अधिक लक्षात ठेवावे. वाचन शिकविताना पहिला अर्थ घ्यावा, दुसरा घेऊ नये.

पथ्ये थोडकीच आहेत. मूल अडले की लगेच शब्द सांगू नये. मनातल्या मनात पाच आकडे मोजावेत, तरीही अडले तर हसतमुखाने सांगून पुढे जावे. पाहुण्यांपुढे वाचून दाखवायला उभे करू नये. चुलत भावंडांशी तुलना करू नये. तेच पुस्तक मूल वीस वेळा मागते, तर वीस वेळा वाचावे. ते पाठ म्हणते, पण पाठ म्हणता म्हणता बोट अक्षरावर येते आणि वाचन त्याच वेळी सुरू होते. मोबाइलवर अक्षरे बोलून दाखविणारे खेळ आहेत. ते पाच मिनिटे चालले तर आमची हरकत नाही, पण त्या पडद्याला मुलाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ दिसत नाही आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. दिवसाकाठी दहा मिनिटे आणि एक मांडी, एवढेच पुरे.

एक गोष्ट गंभीरपणे सांगितली पाहिजे. सातआठ वर्षांचे होऊन, नीट शिकवूनही मुलाला अक्षरे जुळविता येत नसतील, तर त्याला आळशी म्हणू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. तेथे दोष नसेल तर डिस्लेक्सियासारखी अध्ययनातील अडचण असू शकते. बुद्धी उत्तम असलेल्या मुलांतही ती असते, आणि योग्य पद्धतीने शिकविल्यास मूल वाचू लागते. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात अशा अडचणींचा स्पष्ट समावेश आहे. जाणकाराकडे मुलाला नेण्यात कसली नामुष्की? वर्षानुवर्षे त्याला मठ्ठ म्हणत राहिल्याने मात्र ते आतून खचते, आणि ते पुढे भरून काढणे फार कठीण जाते.

शेवटी न्यासाकडे एक मागणे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा शिक्षणात असावी असे म्हटले आहे. आपल्या गावात मराठी शाळेची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, परंतु न्यासाच्या वास्तूत एक कपाट लहान मुलांच्या मराठी पुस्तकांना द्यावे आणि आठवड्यातून एक तास आजीआजोबांनी तेथे बसून मोठ्याने वाचावे, एवढे तर आपल्या हातात आहे. निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत, आवाज खणखणीत आहेत, आणि श्रोते मांडीवर बसायला तयार आहेत.

आणि त्या तासाला दार उघडे असावे. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे मूल आईबरोबर येते आणि पायरीवर बसून राहते. त्याच्या घरी माळवी बोलतात, शाळेत हिंदी पुस्तक मिळते. घरची बोली एक आणि पुस्तकाची दुसरी, ही त्याची अडचण आपल्या नातवासारखीच आहे. माळवीच्या उच्चारात ळ आहे आणि त्याच्या पुस्तकात तो नाही, म्हणजे ही तक्रारही दोघांची एकच! फरक इतकाच, की नातवाला मदत करायला घरात चार माणसे आहेत आणि त्या मुलाच्या घरात कदाचित ते स्वतःच पहिले वाचणारे असेल. घर, नळ, कमळ, मगर ही कार्डे दोघांनाही चालतात. धर्मादाय हा शब्द न्यासाच्या नावाला शोभावयाचा असेल तर दुसरे आसन त्या मुलासाठी मांडावे.

आपण मांडलेले आम्ही स्वस्थ चित्ताने ऐकून घेतले असेल, तर आता ते घरी करून पाहावे. आज रात्री जेवणे झाल्यावर चार कार्डे कापा. कात्री मुलाच्या हातात देऊ नका, अक्षरे मात्र त्याच्या हातात द्या. न्यासाच्या पुढच्या महोत्सवात याच मांडवात आज मांडीवर असलेले एखादे मूल आपला लेख स्वतः वाचून दाखवील, अशी आशा आहे.